उपासनेतील कोमल गंधार



देवाच्या घरात दुःखाने कोणत्या सुरात गावे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण कदाचित हसाल. दुःखाला सूर निवडण्याची सवड कोठे असते, असे म्हणाल. परंतु उपासनेत पेटी वाजवणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. गीताचे शेवटचे कडवे संपते, मंडळीचा आवाज थांबतो आणि पट्ट्यांवर त्याची तीन बोटे उरतात. त्या तीन बोटांचे काय करायचे हे त्याला एका क्षणात ठरवावे लागते. मी पुष्कळ वर्षे ते न ठरवताच वाजवत आलो होतो. ते ठरवावे लागते, हे मला एका माउलीने शिकवले.

आमच्या मंडळीतील एका बाईंचा कर्ता मुलगा अपघातात गेला. दफनविधीच्या उपासनेत त्यांनीच सांगितलेले गीत आम्ही गायिलो. चाल कोमल गंधाराची, संथ, खालच्या स्वरांत फिरणारी. शेवटच्या ओळीला मी सवयीप्रमाणे कोमल गंधार सोडला आणि शुद्ध गंधार लावला. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या पुष्कळ वादकांच्या हाताला ही सवय असते. शेवट गोड वाटतो, लोक निःश्वास टाकतात. विधी आटोपल्यावर मी त्यांना भेटावयास गेलो. रडून त्यांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, “मास्तर, गाणं सगळं माझं होतं. शेवटी तेवढी तुम्ही पेटी हसवलीत.”

बाईंना संगीतातले काही कळत नाही, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो. पण खरे हे, की त्या दिवशी माझे वाजवणे लक्ष देऊन ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

माझ्या हातून नेमके काय घडले हे समजण्यासाठी थोडे सुरांच्या घरात जावे लागेल. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी ती पुढ्यात घ्यावी. पांढरी एक ही पट्टी षड्ज माना आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवत वर जा. हे मेजर सप्तक, आपला बिलावल थाट. आता एकाही काळ्या पट्टीला हात न लावता षड्ज मात्र पांढरी सहावर न्या आणि तेथून वरच्या सहापर्यंत पुन्हा पांढऱ्याच पट्ट्या वाजवा. गंधार, धैवत आणि निषाद कोमल झालेले आढळतील. हे मायनर सप्तक, आपला आसावरी थाट. पट्ट्या त्याच सात. एक कमी झाली नाही की एक वाढली नाही. बदलले ते फक्त घर, जेथून निघायचे आणि जेथे परतायचे ते ठिकाण. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी षड्ज असा सरकवण्याला मूर्च्छना म्हटले. पाश्चात्त्य शास्त्रकार या दोन सप्तकांना एकमेकांची नातलग समजतात. ज्या घरातून एक माणूस कायमचे उठून गेले आहे तेथेही असेच होते. तीच भांडी, तोच उंबरठा, तीच माणसे. परंतु सगळे ज्याच्या भोवती फिरत होते ते ठिकाण हललेले असते.

आता कॉर्डकडे वळू. षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन सूर एकदम वाजवले की कॉर्ड होते. गंधार शुद्ध असेल तर ती मेजर, कोमल असेल तर मायनर. दोन्हीकडे षड्ज आणि पंचम तेच; सारा फरक मधल्या बोटाचा, आणि तोही अर्ध्या सुराचा. इटालियन शास्त्रकार झार्लीनो याने १५५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोन गंधारांपैकी एक उल्हासाकडे व दुसरा खेदाकडे झुकतो असे नोंदवून ठेवले आहे. तेव्हापासून युरोपाच्या कानाने हे भेद पिढ्यान्‌पिढ्या गिरवले आणि मिशनऱ्यांच्या पायपेटीबरोबर ते आपल्या देवळांतही आले.

तथापि मायनर म्हणजे दुःख आणि मेजर म्हणजे सुख, इतके सोपे हे गणित नाही. हँडलच्या ‘सॉल’ या १७३९ सालच्या संगीतनाट्यात शौल व योनाथान यांच्या मृत्यूनंतर जी शोकयात्रा वाजते, ती सी मेजरमध्ये आहे. तिच्यात एकही हुंदका नाही, आणि थोरामोठ्यांच्या अंत्ययात्रांत ती आजवर वाजत आली आहे. उलट ‘गॉड रेस्ट यू मेरी, जंटलमेन’ हे नाताळचे इंग्रजी गीत मायनरमध्ये असून त्यात सांत्वनाचा व आनंदाचा निरोप आहे. हासलर याने १६०१ मध्ये एका प्रेमगीतासाठी बांधलेली चाल पुढे वधस्तंभाच्या गीताला लागली. बाखने ती मत्तयकृत दुःखसहनाच्या संगीतात पाच वेळा आणली; प्रभूने प्राण सोडल्यानंतर ती येते तेव्हा खालच्या कॉर्ड अशा काही अंधारातून जातात की ऐकणाऱ्याचे पाऊल अडखळावे. आणि त्याच बाखने नाताळच्या संगीताचा, म्हणजे १७३४–३५ च्या ‘ख्रिसमस ऑरेटोरियो’चा, शेवट त्याच चालीने केला, डी मेजरमध्ये, तुताऱ्या आणि नगारे वाजवीत! गाणाऱ्याच्या तोंडची चाल तीच. तिच्या पायाखालची जमीन तेवढी वेगळी.

ही जमीन, म्हणजे कॉर्डची वाटचाल, मायनरमध्ये जरा अवघड असते. मेजर सप्तकात निषाद षड्जाला जवळजवळ चिकटलेला असतो. तो वाजला की कान आपोआप घराकडे ओढला जातो. मायनरमधला कोमल निषाद मात्र षड्जापासून पुरता एक सूर दूर उभा राहतो. त्याला घराची ओढ नाही. म्हणून युरोपातील रचनाकारांनी मेजरकडून एक सूर उसना घेतला. पांढरी सहाच्या मायनरमध्ये पांढरी पाच सोडून काळी चार घ्यायची, म्हणजे निषाद शुद्ध होतो आणि पंचमावरची कॉर्ड मेजर होते. षड्जाची मायनर कॉर्ड, मध्यमाची मायनर कॉर्ड, पंचमाची ही मेजर कॉर्ड आणि पुन्हा षड्जाची मायनर कॉर्ड: आपल्या कितीतरी दुःखाच्या गीतांची साथ एवढ्याच चार पावलांची असते. पण उसन्या सुराची किंमत मोजावी लागते. कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यामध्ये दीड सुराची दरी पडते, आपल्याकडे किरवाणीत ऐकू येते ती. किरवाणी गाणाऱ्याला ती प्रिय. युरोपातील समूहगायकांना ती अवघड वाटे. त्यांच्यासाठी चढताना धैवतही शुद्ध करावा आणि उतरताना दोन्ही पुन्हा कोमल करावेत अशी रीत पडली. आरोह एक व अवरोह दुसरा असण्याचे आपल्याला नवल वाटणार नाही.

उतरण्याची एक वाट तर शोकाचीच मानली गेली. सर्वांत खालच्या आवाजात षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम अशा चार पायऱ्या उतरायच्या, आणि पुन्हा पुन्हा उतरायच्या. पेटीवर सहा, पाच, चार, तीन. मॉन्टेव्हर्डीने १६३८ मध्ये छापलेल्या एका विलापात या चार सुरांवाचून तळाला दुसरे काही नाही. मनुष्य एकाच विचाराच्या चार पायऱ्या रात्रभर उतरत राहतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या रचनेचे आणखी स्पष्टीकरण नको.

वाचकहो, येथवर सुरांचा प्रश्न झाला, आता माणसांचा. असे सूर उपासनेत हवेतच कशाला? हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस विलापाच्या सुरावटी आपल्या आदर्श नगरातून हद्दपार करतो. त्या माणसाला मऊ करतात, असे त्याचे मत. संत ऑगस्टीनची भीती वेगळी आणि मला अधिक जवळची वाटते. आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो कबूल करतो की, गायिल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गायनच जेव्हा आपले मन हलवते तेव्हा आपल्याकडून पाप घडते. दुःखाचे सूर गोड असतात. त्या गोडीत स्वतःच्याच दुःखाला कुरवाळत बसणे शक्य आहे, आणि ती प्रार्थना नव्हे. अलीकडे पुष्कळ मंडळ्यांत केवळ जयाची आणि उल्हासाची गीते निवडली जातात, त्यामागेही अशीच काहीशी प्रामाणिक धास्ती असावी. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांनी रडके सूर का आळवावेत?

परंतु पवित्र शास्त्राने ही निवड केलेली नाही. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र पाहा. आरंभी देवाला आपला तारणारा म्हणून एकदा हाक मारलेली आहे. त्यानंतर ते उतरत जाते आणि अंधारात संपते. शेवटी आशेचे वचन नाही. ज्यांनी ते इतर स्तोत्रांबरोबर ठेवले त्यांना चार ओळी जोडणे अशक्य नव्हते. त्यांनी जोडल्या नाहीत. मंडळीत ज्याचे दुःख अद्याप वळणावर आलेले नाही, अशा माणसासाठी ती जागा राखलेली आहे. केवळ शुद्ध गंधाराची गीते गाणारी मंडळी अशा माणसाला न बोलता सांगते, की तू बरा झालास म्हणजे ये. हे क्रौर्य आहे, आणि ते आनंदाच्या नावाने होत असल्यामुळे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता माझ्या तीन बोटांकडे येतो. मायनर गीताच्या शेवटी मेजर कॉर्ड लावण्याच्या सवयीला ‘पिकार्दीचा गंधार’ असे नाव आहे. ते रूसोच्या १७६८ च्या संगीतकोशात मिळते. सवय त्याहून शेकडो वर्षे जुनी. तिच्यामागे निव्वळ गोडीची हौस होती असेही नाही. तंबोऱ्याची तार छेडली की षड्जाबरोबर, कान देऊन ऐकल्यास, दूरवर शुद्ध गंधारही ऐकू येतो. कोणी न वाजवता तो तारेच्या पोटातून उमटतो. तारेचा पाचवा हिस्सा कंप पावतो तेव्हाचा तो नाद. कोमल गंधार तेथे असा सहज सापडत नाही. म्हणून जुन्या काळी मायनर कॉर्डवर थांबणे कानाला अपुरे वाटे, आणि शेवटी एक तर गंधार शुद्ध करीत किंवा गाळूनच टाकीत. सृष्टीच्या नादात शुद्ध गंधार आधीच आहे, हा विचार श्रद्धावंताला आवडण्याजोगा आहे. मलाही आवडतो. मी बाईंना तेच सांगणार होतो. सुदैवाने सांगितले नाही.

कारण पेटीवर पुन्हा बोटे ठेवून पाहिले तेव्हा मला माझी चूक दिसली. पांढरी सहाचे मायनर गीत. शेवटची कॉर्ड सहा, एक आणि तीन. पिकार्दीच्या गंधारासाठी मी मधले बोट पांढरी एकवरून काळी एकवर सरकवतो. काळी एक! साऱ्या गीतात ती पट्टी एकदाही वाजलेली नाही. ज्या सात सुरांत त्या बाई रडत होत्या त्यांत ती नव्हती. बाहेरून आलेल्या पाहुण्याने घरच्यांच्या आधी “चला, झाले आता” असे म्हणावे, तसे ते झाले. निषाद शुद्ध करतानाही मी सूर उसनाच घेतला होता हे खरे; पण तो घराकडे जाण्यासाठी होता. हा उसना सूर घरालाच वेगळा रंग देत होता.

मेजरकडे जाण्याची दुसरीही एक वाट आहे. तीच कॉर्ड धरा: सहा, एक, तीन. एक आणि तीन तशाच ठेवा आणि सहावरचे बोट तेवढे पाचवर आणा. एक, तीन, पाच ही मेजर कॉर्ड झाली. नातलग सप्तकाच्या षड्जाची. येथेही हलले एकच बोट, परंतु एकही परका सूर आला नाही. दुःखाच्या सात सुरांतच ती आरंभापासून होती.

बाखच्या ‘बी मायनर मास’मधील वधस्तंभाचा भाग याच वाटेने संपतो. बाखने ही मास १७४८–४९ च्या सुमारास, मृत्यूच्या एक-दोन वर्षे आधी, पुरी केली. हा भाग ई मायनरमध्ये आहे. तळाच्या आवाजात षड्जापासून पंचमापर्यंत अर्ध्या अर्ध्या सुराने उतरत जाणारी चार मापांची ओळ आहे, ती तेरा वेळा येते. बारा वेळा ती उतरून पुन्हा षड्जावर परतते. तेराव्या वेळी, प्रभूला कबरेत ठेवल्याचे शब्द चालू असताना, बासऱ्या आणि व्हायोलिन गप्प होतात, गाणारे खालच्या स्वरांत येतात आणि संगीत हळूच जी मेजरमध्ये येऊन थांबते. रूढीप्रमाणे बाखने येथे ई मेजर लावले असते तरी कोणी तक्रार केली नसती. त्याने नातलग सप्तक निवडले. आणि हे घडते ते पुनरुत्थानाच्या वेळी नव्हे, दफनाच्या वेळी. जयघोष त्यानंतर येतो, डी मेजरमध्ये, तुताऱ्यांसह. तो स्वतंत्र भाग आहे आणि तो आपल्या पाळीची वाट पाहतो.

या संगीताचा पूर्वेतिहासही सांगण्यासारखा आहे. बाखने ते मुळात १७१४ मध्ये रडण्या-विव्हळण्याच्या शब्दांवर रचले होते, आणि तेही पुनरुत्थानदिनानंतरच्या तिसऱ्या रविवारसाठी! त्या दिवशीचे वाचन योहानाच्या १६ व्या अध्यायातील. तेथे प्रभू शिष्यांना सांगतो की, त्यांच्या दुःखाचाच आनंद होईल, आणि उदाहरण देतो प्रसूत होणाऱ्या स्त्रीचे. एका जागचे दुःख काढून तेथे दुसरीकडून आणलेला आनंद ठेवला जाईल, असे तो म्हणत नाही. ज्या देहाला वेणा आल्या, त्याच देहाला मूल होते.

यहूदी सभास्थानात विलापगीतांचे वाचन होते तेव्हाची एक रीत मला येथे आठवते. पाचव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक देवाच्या क्रोधाविषयीचा, मन खचवणारा आहे. तेथे वाचन थांबवायचे नाही म्हणून त्याच्या आधीचा, परत आणण्याच्या विनवणीचा श्लोक पुन्हा एकदा म्हणतात. कठोर श्लोक गाळीत नाहीत, आणि सांत्वनासाठी दुसऱ्या पुस्तकातले वचनही आणीत नाहीत.

मग पिकार्दीचा गंधार वर्ज्यच समजावा काय? तसे मी म्हणणार नाही. वल्हांडणाच्या रात्री, किंवा वर्षानुवर्षे शोक वाहून ज्याने तो स्वतःच खाली ठेवला आहे त्याच्यासाठी, तो योग्यच ठरेल. तो कोणासाठी आणि कोणाच्या वतीने लावायचा, एवढाच प्रश्न. ज्याचे दुःख आहे त्याच्या आधी वादकाने तेथे पोहोचू नये. रेव्ह. टिळकांच्या भजनांत ही अडचण मुळातच उद्भवत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तेथे कॉर्डची वाटचाल नसते. षड्ज खाली अखंड चालू असतो, चाल कोठेही भटकली तरी तो जागचा हलत नाही, आणि वादकाला शेवट सजवण्याची संधीच मिळत नाही. पाश्चात्त्य मायनर घर सोडून जाते आणि परतते. आपल्या भजनात घरच सोबत चालते. यातले श्रेष्ठ कोणते, या वादात मला रस नाही. पण दफनभूमीवर मला एकच निवडायला सांगितले तर मी भजन निवडीन.

गंधार गाळण्याच्या जुन्या रीतीचा मघाशी उल्लेख केला. मोत्सार्टच्या १७९१ सालच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘रेक्विएम’मध्ये दयेच्या याचनेचा भाग असाच संपतो: नुसता षड्ज आणि पंचम, मध्ये पोकळी. ते हसतही नाही आणि रडतही नाही.

त्या बाईंच्या मुलाच्या वर्षदिनाची प्रार्थना घरीच होती. पंधरा-वीस माणसे, लहान हातपेटी. त्यांनी तेच गीत सांगितले. शेवटची ओळ आली तेव्हा मी मधले बोट उचलले आणि षड्ज व पंचम तेवढे धरून भाता चालू ठेवला. सगळे थांबले होते. बाई थांबल्या नाहीत. शेवटच्या शब्दावर त्यांनी आपल्या फाटक्या आवाजात गंधार लावला आणि श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. तो कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोहोंच्या मध्ये कोठेतरी होता. पेटीवर तेथे पट्टी नसते. मी पंचमावरचे बोटही उचलले आणि नुसता षड्ज चालू ठेवला.